चाकणचा उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल, खालच्या रस्त्याला आधी पैसे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, छाटायचं असेल तर खुशाल छाटा, फक्त पैशाबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा. कारण चाकणच्या ट्रॅफिकचे फोटो तुमच्याच काय सगळ्याच पेपरात येतात, खाली "नागरिक हैराण" असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी निवेदन देतं, त्याचाही फोटो येतो. पण चाकणच्या या पुणे-नाशिक रस्त्याला पैसा कोण देणार, कुठल्या खात्यातून देणार आणि तो नक्की कशावर अडलाय, हे मात्र कुणी धड लिहित नाही. मी काही इंजिनियर नाही, चाकण एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला मोशीला, म्हणजे इंद्रायणीच्या अलीकडे. नदी ओलांडली की महापालिका संपते आणि खरी मजा सुरू होते.

ज्यांना हा भाग माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी फाटा, आळंदी फाटा, चाकण आणि पुढे खेड म्हणजे राजगुरुनगर, हा झाला पुणे-नाशिक हायवे, नॅशनल हायवे 60. त्याला आडवा येतो तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, तोही नॅशनल हायवेच, 548 डी. मुंबईकडून, जेएनपीटी बंदराकडून आलेला जो माल नगरला, रांजणगावला, मराठवाड्यात जायचाय तो पुण्यात न शिरता तळेगावला उतरतो आणि चाकणमधून शिक्रापूरला निघतो. म्हणजे एक हायवे लोकांना कामावर नेणारा आणि दुसरा अख्ख्या राज्याचा माल वाहणारा, आणि हे दोन्ही चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांच्या अंगावर येतात. त्यात तिथं शनिवारचा बाजार, कांद्याचे टेम्पो, कंपन्यांच्या बस, शाळांच्या व्हॅन, वडापवाले, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे आमच्यासारखे टू-व्हीलरवाले.

चौकात नेमकं काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. कार वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर वळायला लागला की त्याला एका दमात वळता येत नाही, तो थोडा पुढे, परत थोडा मागे असं करत असतो, क्लिनर खाली उतरून हाताने इशारे करतो, वॉर्डन शिट्टी मारून मारून लाल झालेला असतो, आणि तेवढ्यात सिग्नल सुटतो. मग समोरचे थांबत नाहीत, ट्रेलर मधेच अडकतो, डावीकडून टू-व्हीलर साइडपट्टीवर चढतात, रिक्षा राँग साइडने घुसतात आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. यात ट्रेलरवाल्याची काय चूक सांगा, त्याला वळायला जागाच ठेवलेली नाही. शिव्या मात्र सगळ्या त्यालाच.

आता कुणी म्हणेल अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी घाला. घालतात की! सकाळी, संध्याकाळी बंदी असली की हे सगळे कंटेनर जातात कुठं? कुठंच जात नाहीत. बंदी उठायची वाट बघत रस्त्याच्या कडेला लायनीत उभे राहतात, कारण ट्रक टर्मिनल नाही, पार्किंगची सोय नाही, ड्रायव्हरला आंघोळीला, संडासला जागा नाही. म्हणजे बंदीच्या वेळेत डावीकडची आख्खी लेन गेली. मग उरलेल्या लेनमधून बाकीचे जा. बंदीचा कागद काढायला पैसे लागत नाहीत म्हणून तो लगेच निघतो, टर्मिनलला पैसे लागतात म्हणून ते होत नाही, आणि मला या पत्रात हेच सांगायचंय की चाकणमध्ये फुकटातले सगळे उपाय करून झालेत आता. सिग्नलच्या वेळा बदलल्या, डिव्हायडरची पंक्चर, म्हणजे मधेच वळायला ठेवलेल्या फटी, बंद केली, वॉर्डन वाढवले, एकेरी वाहतूक करून बघितली, कंपन्यांना शिफ्टच्या वेळा मागेपुढे करायला सांगून बघितलं. सगळ्याचा थोडाथोडा फायदा झालाही असेल. पण जिथं रस्ताच कमी पडतोय तिथं शिट्टी किती वाजवणार?

आता मुद्द्याचं. 2 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने देशातल्या आठ हायस्पीड रस्त्यांना एकदम मंजुरी दिली, सगळे मिळून 936 किलोमीटर आणि 50,655 कोटी. त्यातच आपला नाशिक फाटा ते खेड आठ पदरी उन्नत मार्ग, म्हणजे खांबांवरून जाणारा रस्ता, आहे, लांबी 30 किलोमीटर, खर्च 7,827 कोटी. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरत होते, फ्लॅटचे रेट वाढणार म्हणून काही जण लगेच खूषही झाले. पण बातमीत शेवटी तीन अक्षरं होती ती कुणी वाचली नाहीत: बीओटी. बांधा, वापरा, हस्तांतरित करा. म्हणजे सरकार मंजुरी देणार, पण पैसा कंत्राटदार उभा करणार, बँका त्याला कर्ज देणार, आणि तो ते पुढची कित्येक वर्षं टोलमधून वसूल करणार. याला माझा तत्त्वाने विरोध नाही, एक्स्प्रेस वे तसाच टोल भरून वापरतो आपण. पण बीओटीचं गणित असं असतं की टेंडरला कुणीतरी यायला पाहिजे, त्याला टोलचा आकडा पटला पाहिजे, बँकेला तो पटला पाहिजे, भूसंपादन ठरलेल्या टक्क्यांपर्यंत झालेलं पाहिजे, तेव्हा कुठं कामाची तारीख ठरते. यातलं एक जरी लांबलं तरी सगळंच लांबतं. आणि तोपर्यंत खालच्या रस्त्याला हात लावायला गेलं की एकच उत्तर येतं, "अहो तिथं उन्नत मार्ग मंजूर आहे ना, आता कशाला खर्च करायचा?"

हे उत्तर मी स्वतः ऐकलंय, एका कार्यालयात, नाव लिहित नाही कारण तो बिचारा खालचा माणूस होता आणि त्याने खरं तेच सांगितलं. आधी मंजुरी नव्हती म्हणून पैसे नव्हते, आता मंजुरी आहे म्हणून पैसे नाहीत. बोला आता!

गंमत म्हणजे या मंजूर झालेल्या कामात खालचा रस्ताही आहे. एकाच खांबावर वर आठ लेन, जागोजागी चढ-उताराचे रॅम्प, आणि खाली आत्ताचा रस्ता चार ते सहा पदरी करून दोन्ही बाजूंना दोन-दोन लेनचे सर्व्हिस रोड, असं ते पॅकेज आहे. म्हणजे आम्हाला पाहिजे ते कागदावर आहेच, फक्त ते वरच्या पुलाच्या शेपटीला बांधलेलं आहे. माझी मागणी एवढीच की ती शेपटी सोडवा. खालचा रस्ता, सर्व्हिस रोड, चौकांची सुधारणा, पाण्याचे निचरे हे सगळं पॅकेजमधून बाहेर काढा आणि सरकारी पैशाने, थेट बजेटमधून, आधी करा. वरचा पूल बीओटीवर करायचा तर करा, त्याला किती वर्षं लागायचीत ती लागू देत.

यावर हुशार लोक म्हणतील की आधी खाली रस्ता करायचा आणि मग पुलासाठी परत खोदायचा, म्हणजे डबल खर्च. मला तर उलटं वाटतं. खांब येणार मधे, डिव्हायडरच्या जागी. सर्व्हिस रोड असतात कडेला. आणि ज्या दिवशी पुलाचं काम सुरू होईल त्या दिवशी मधल्या दोन लेनला पत्रे लागणार, तेव्हा गाड्या जाणार कुठून? कडेच्या सर्व्हिस रोडवरूनच. ते नसतील तर काय होतं ते पुण्याने विद्यापीठ चौकात भोगलंय. 2020 च्या जुलैत, लॉकडाऊनच्या काळात, तिथले जुने पूल पाडले, मेट्रो आणि नवा पूल एकत्र करायचा म्हणून. ते कामही खासगी भागीदारीतलंच. नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली 2025 च्या ऑगस्टमध्ये. मधली पाच वर्षं औंध, बाणेर, पाषाणच्या लोकांनी काय सहन केलं ते त्यांना विचारा. आणि तिथं निदान आजूबाजूला गल्ल्या आहेत, सेनापती बापट रस्ता आहे, रेंजहिल्स आहे, काहीतरी पर्याय आहे. चाकणला पर्याय काय? नाणेकरवाडीच्या आतल्या रस्त्याने जा नाहीतर मेदनकरवाडीच्या, तिथं समोरून ट्रॅक्टर आला तरी कुणाला तरी मागे घ्यावं लागतं. विद्यापीठ चौक एक होता, इथं 30 किलोमीटर आहेत. सर्व्हिस रोड न करता पुलाचं काम काढलं तर आत्ताची कोंडी बरी होती म्हणायची वेळ येईल.

शिवाय वरचा रस्ता नेमका कुणासाठी आहे तेही बघा. नाशिकहून पुण्याला येणारा, खेडच्या पुढून सरळ नाशिक फाट्याला उतरणारा, त्याचा वेळ वाचणार, चांगलंच आहे. पण चाकणला जी गर्दी आहे ती कुणाची आहे? मोशीतून कुरुळीला, भोसरीतून खराबवाडीला, राजगुरुनगरहून महाळुंग्याला जाणाऱ्यांची. पाच-दहा किलोमीटरवाले. हायस्पीड रस्त्यावर टू-व्हीलरला घेतील असं मला तरी वाटत नाही, आणि पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बसला तर प्रत्येक फाट्यावर थांबायचं असतं, ती वरून कशी जाईल? कॉन्ट्रॅक्टवरची पोरं-पोरी, ज्यांना तीन लेट मार्क झाले की हाफ डे कापतात, ती खालीच राहणार. कुरुळी फाट्याला सकाळी बघा, बायका डबा आणि पर्स छातीशी धरून डिव्हायडर ओलांडत असतात, भुयारी मार्ग नाही की पादचारी पूल नाही, बसथांब्याला शेड नाही, थांबा म्हणजे एक टपरी, तिच्या पुढं उभं राहायचं आणि टपरीवाला म्हणाला सरका की सरकायचं. यांच्याकडून कुठला कंत्राटदार टोल घेणार? टोल मिळत नाही म्हणजे बीओटीच्या गणितात ही माणसं नाहीतच. म्हणून तर सरकारचा पैसा लागतो. ज्या कामातून वसुली होत नाही पण गरज आहे त्यासाठीच तर बजेट असतं ना?

30 किलोमीटरला 7,827 कोटी म्हणजे किलोमीटरला 260 कोटींच्या वर जातो आकडा. त्यातल्या एका किलोमीटरच्या पैशात तळेगाव चौक, आंबेठाण चौक, आळंदी फाटा, कुरुळी फाटा, चिंबळी फाटा यांचं काय काय होऊ शकतं आणि वर किती सीएनजी बस येतात याचा हिशोब एखाद्या अभ्यासू माणसाने मांडावा, मी वाचायला तयार आहे.

बसचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण तिथंही रोग पैशाचाच आहे. पीएमपीचा तोटा मुख्यतः भरतात दोन महापालिका, पुणे 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के. चाकण या दोन्हीत येत नाही. मग पुण्याचा नगरसेवक का म्हणेल की आमच्या करदात्यांच्या पैशाने चाकणला जास्त बस सोडा? त्याच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं नसतं. त्यामुळे भोसरीहून चाकण-राजगुरुनगरकडे बस आहेत पण गर्दीच्या मानाने अगदीच कमी, शिफ्ट सुटायच्या वेळेला दारात लोंबकळत जायचं. नाशिक फाट्याला मेट्रो आली, स्वारगेटपर्यंत मस्त जाते, पण नाशिक फाट्यापासून चाकणला यायला परत आपली गाडी नाहीतर वडाप. चाकणची बस ही एमआयडीसी, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि राज्य सरकार यांनी मिळून पोसायला पाहिजे. एमआयडीसी प्लॉटचं प्रीमियम घेते, पीएमआरडीए बांधकामाला विकास शुल्क घेते, राज्याला इथून जीएसटी जातो, गावात ग्रामपंचायती घरपट्टी घेतात, आणि मोशीत माझ्याकडून महापालिका मिळकतकर घेते. घेताना सगळे हजर. द्यायची वेळ आली की हा रस्ता एनएचएआयचा म्हणजे केंद्राच्या हायवे प्राधिकरणाचा, तो एमएसआयडीसीचा म्हणजे राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळाचा, आतला एमआयडीसीचा, त्याच्या पुढचा पीएमआरडीएचा, गटार नगरपरिषदेचं आणि ट्रॅफिक पिंपरी-चिंचवड पोलिसांचं. लग्नघरात जेवायला सगळे भाऊबंद आणि पंगत वाढायला कुणीच नाही, तशी गत आहे.

चाकणला स्वतःची नगरपरिषद मिळाली 2015 ला. कारखाने तर त्याच्या कितीतरी आधीच आले होते. तिच्याकडून हायवेच्या चौकाची अपेक्षा करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे येऊन पाहणी करून गेले, चाकणला महापालिका करावी लागेल असं बोलले, पेपरात मोठी हेडलाइन झाली. करा की महापालिका, पण त्याने रस्ता रुंद होत नाही, तो एनएचएआयचाच राहणार. नवीन महापालिका म्हणजे आधी हद्दीचा वाद, मग हरकती, मग प्रशासक, मग निवडणूक. फुरसुंगी-उरुळीची गावं आधी महापालिकेत घेतली आणि मग परत बाहेर काढली, ते बघितलंय आम्ही. आणि एक विनंती, पुढची पाहणी कुणीही करा पण संध्याकाळी सहा-सातला करा, शक्यतो बिना पायलट गाडीची.

सरकारी पैशाने आणि मनात आणलं तर काय होतं त्याचं उदाहरण लांब नाही, चांदणी चौक. काम 2017 पासून रखडत चाललं होतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथं मुख्यमंत्र्यांचा ताफा अडकला, आणि 2 ऑक्टोबरला जुना पूल स्फोटकांनी पाडला, पुढच्या वर्षी 12 ऑगस्टला नवीन चौकाचं उद्घाटनसुद्धा झालं. म्हणजे यंत्रणा तीच, अधिकारी तेच, पुणं तेच. तिथं पादचाऱ्यांचा विचार आधी नीट केला नव्हता आणि लोक हायवे ओलांडायला लागले ही गोष्ट वेगळी, आणि ती चाकणला परत होऊ नये म्हणूनही मी हे लिहितोय. पण वाहनं सुटली हे खरं आहे. तिथं टोलवाल्याची वाट बघत बसले असते तर अजून बसलेच असते.

दुसऱ्या रस्त्याचं, तळेगाव-चाकण-शिक्रापूरचं, थोडक्यात सांगतो. त्याला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली, तळेगाव ते चाकण उन्नत आणि पुढे शिक्रापूरपर्यंत रुंदीकरण, खर्च 3,900 कोटींच्या पुढे, काम एमएसआयडीसीकडे. छान. पण तो रस्ता आणि नाशिक रस्ता चौकात एकमेकांना कसे ओलांडणार, कोण वरून जाणार, कोण खालून, याचं एकत्र डिझाइन आम्हा लोकांसमोर कुणी मांडलेलं नाही. एक केंद्राची एजन्सी, एक राज्याची. दोघांनी आपापले खांब उभे केले आणि मग लक्षात आलं की रॅम्प जुळत नाही, असं होऊ नये. ते टेंडरच्या आधी जाहीर दाखवा, चाकणच्या मार्केट यार्डात मोठा फ्लेक्स लावून दाखवा, शेतकऱ्यालापण कळू दे.

मोठ्या स्वप्नांवर आम्ही आता फार भरवसा ठेवत नाही, त्याला कारणं आहेत. विमानतळ चाकण-खेडला होणार होता, तो पुरंदरला गेला. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जाणार होती, 235 किलोमीटर, 16,039 कोटी, सगळे आकडे पाठ झाले होते लोकांना, काही ठिकाणी जमिनीसुद्धा घेतल्या. मग खोडदच्या दुर्बिणीचा प्रश्न आला. जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक, 45-45 मीटरच्या 30 तबकड्या आहेत तिथं, विजेवरच्या रेल्वेचा तिला त्रास होणार हे शास्त्रज्ञांचं म्हणणं रास्तच आहे, पण ती दुर्बीण काय काल आली का तिथं? मार्ग आखताना दिसली नाही? आता मार्ग बदलायचा, शिर्डीकडून न्यायचा अशी भाषा आहे. निगडी ते चाकण मेट्रोचाही डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार झालाय, भक्ती-शक्ती चौकातून वाकड, नाशिक फाटा, भोसरी करत चाकणला, 41 किलोमीटरच्या आसपास. त्याला महापालिका, राज्य, केंद्र अशा सगळ्या पायऱ्या आहेत. होईल तेव्हा माझा मुलगा जाईल त्यातून कामाला, मी तर तोपर्यंत रिटायर झालेला असेन. विमानतळ गेला, रेल्वे वळली, उरला हा रस्ता.

म्हणून मागणी लहान आणि ताबडतोबची ठेवतोय. राज्य सरकार प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडतं, त्या हजारो कोटींच्या असतात, त्यात मोशीच्या इंद्रायणी पुलापासून राजगुरुनगरपर्यंतच्या खालच्या रस्त्यासाठी स्वतंत्र नावाने तरतूद करा. "पुणे जिल्ह्यातील विविध रस्ते" अशा गोल नावाने नको, त्या डब्यातून पैसा कुठं जातो ते आम्हाला कळत नाही. एनएचएआयकडे पैसे द्यायला नियम आडवा येत असेल तर राज्य आणि केंद्राने करार करून काम पीएमआरडीएला किंवा पीडब्ल्यूडीला सोपवावं, हे याआधी दुसरीकडे झालेलं आहे, अशक्य नाही. त्यातून आधी सर्व्हिस रोड, तेही पूर्ण सलग, एका हॉटेलपाशी तुटून दुसऱ्या पेट्रोल पंपापाशी सुरू होणारे नकोत. जिथं अतिक्रमणं काढली तिथं लगेच डांबर पडलं पाहिजे, कारण मोकळी जागा आठवडाभर तशीच राहिली की परत हातगाडी, परत कंटेनर, आणि ज्याचं दुकान पाडलं तो म्हणतो मग माझं पाडून काय मिळवलं. त्याचं बरोबरच आहे. ज्यांची खरी मालकीची जागा जाणार त्यांना मोबदला रोख आणि वेळेत द्या, नाहीतर कोर्टात अडकेल आणि मग दोष शेतकऱ्याला.

ट्रक टर्मिनल एमआयडीसीने तिच्या पैशातून करावं, कारण ते ट्रक तिच्याच प्लॉटवर माल आणायला-न्यायला येतात. टर्मिनल झालं की मग कडेला उभ्या केलेल्या कंटेनरला दंड करा, आत्ता कुठल्या तोंडाने करणार? आणि बसच्या तोट्यासाठी वर लिहिल्याप्रमाणे तीन जणांनी वाटा उचलावा. मोठ्या कंपन्या स्वतःच्या बस लावतात हे चांगलंच आहे, पण व्हेंडर कंपन्या, त्यांचे व्हेंडर, त्यांच्याकडचे ठेकेदार, या खालच्या पायरीवरच्या हजारो लोकांना बस कुणी देत नाही, ते सगळे टू-व्हीलरवर, एकेका गाडीवर दोन-दोन, कधी तीन. रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर पावसात त्या खड्ड्यांतून ही पोरं कशी जातात ते बघवत नाही.

कंपन्यांबद्दल पण एक बोलतो. इथून एखादी कंपनी दुसऱ्या राज्यात चाललीय अशी बातमी आली की मुंबईत धावपळ होते, बैठका होतात. कामगार मात्र कुठं जाणार? तो बुलढाण्याहून, लातूरहून, बीडहून इथं आलाय, दहा बाय दहाची खोली घेऊन राहिलाय. त्याची बैठक कोण घेणार?

या पत्राची प्रत आमच्या भागातले आमदार आणि खासदार या सगळ्यांना ईमेलने पाठवलीय, पोच एकाचीही आलेली नाही, येईल अशी आशा आहे. संपादक साहेब, तुमच्याकडे एकच काम आहे. येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं पुस्तक निघालं की तुमच्या विधिमंडळातल्या बातमीदाराला त्यात मोशी ते राजगुरुनगर खालच्या रस्त्याची ओळ आहे का तेवढं बघायला सांगा, आणि नसेल तर ती नाही एवढी दोन वाक्यांची बातमी आतल्या पानावर का होईना पण छापा, त्या त्या आमदारांच्या नावानिशी.

आपला,
एक नियमित वाचक, मोशी